धक्का, बोया की नांगर?

वर्सोव्याच्या खाडीत होडी लावणे आणि अंधेरी स्टेशनबाहेर स्कूटर लावणे यांत फरक एवढाच की स्कूटरखालचा रस्ता दिवसातून दोनदा वर-खाली होत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचे अंतर पडते. सकाळी पहिल्या मजल्यावर बांधलेली होडी दुपारी तळघरात सापडते.

धक्का सोयीचा, म्हणून तिथे गर्दी. दोर आखूड बांधला तर ओहोटीला होडी खुंटीवरच्या पिशवीसारखी लटकते, सैल सोडला तर शेजारणीच्या अंगावर जाते. धक्क्याची लांबी ठरलेली, होड्यांची संख्या मात्र नाही. त्यामुळे एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी सलगी सुरू होते. तिसऱ्या होडीच्या तांडेलाने घरी जावे ते दोन होड्या ओलांडून, जाळ्यांवरून, रटरटणाऱ्या कालवणाला वळसा घालून. आतल्या होडीला निघायचे असेल तर बाहेरच्या सगळ्यांना उठवावे लागते. मुलुंडच्या सोसायटीत गाडी लावणाऱ्याला हे वेगळे शिकवायला नको.

बोया म्हणजे तळाशी जड ठोकळा, त्याला साखळी आणि वर तरंगते पिंप. अपोलो बंदरापुढे हौशी मंडळींच्या शिडाच्या होड्या अशाच उभ्या असतात. तिथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. गैरसोय अशी की होडी पाण्यात, मालक धक्क्यावर, म्हणून मध्ये एक चिमुकली होडी लागते. ती कुठे लावायची, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. रिकामा बोया दिसला म्हणून अडकवणे म्हणजे बोरिवली लोकलमध्ये रुमाल टाकलेल्या जागेवर बसणे. मालक येतोच. शिवाय खालचा ठोकळा आपल्याला पेलणारा आहे का, हे वारा सुटल्यावरच कळते.

नांगर स्वस्त, पण हिशेबाचा. तो वजनाने होडी धरतो हा नवख्याचा समज. तो तळात रुतून धरतो, आणि ओढ आडवी असेल तोवरच रुतलेला राहतो. म्हणून साखळी असेल तर खोलीच्या चार-पाचपट, नुसता दोर असेल तर सातपट सोडायचा, आणि खोली धरायची ती भरतीची. ओहोटीचे दोन मीटर पाणी पाहून चौदा मीटर दोर सोडणाऱ्याच्या खाली भरतीला सहा मीटर पाणी होते. मग होडी नांगरासह फिरायला निघते. खाडीचा चिखल नांगर घट्ट धरतो, काढताना तर सोडतच नाही. पाणी उलटले की होडी तोंड फिरवते आणि दोराएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ मागते. मढच्या फेरीबोटीच्या वाटेत तेवढी जागा मागणे म्हणजे सायंकाळी सहाला घाटकोपरच्या पुलावर हात पसरून उभे राहणे.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी. धक्क्याला दोर बांधायला शिकावे ते त्याच दिवसांत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा तिन्ही पर्याय बाजूला पडतात, होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली जातात. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की सगळ्यांना एकदमच निघायचे असते, आणि ज्याला सर्वांत घाई त्याची होडी बहुधा सर्वांत मागच्या रांगेत असते.