पाठीवर डबा, तोही बुडायला

विहिरीत पोहायला शिकलेल्या कोल्हापूरकराच्या पाठीला लहानपणी रिकामा डबा बांधलेला असतो, तरंगायला. चाळिशीत तो मालवणला जातो आणि पुन्हा पाठीवर डबा चढवून घेतो. या खेपेचा डबा मात्र हवेने ठासून भरलेला, उचलताना कंबर धरेल इतका जड, आणि वर कमरेला शिशाची वजने. कारण आता बुडायचे असते. त्याचे पैसेही आपणच मोजायचे असतात.

बेत रंकाळ्याच्या कट्ट्यावर शिजतो. मंडळी तीन: तालमीतला पैलवान, गुळाचा व्यापारी आणि विज्ञानाचे मास्तर. पहाटे निघायचे, कळ्यात चहा, गगनबावड्यात दुसरा चहा, मग करूळ घाट. घाट उतरताना कानाला दडे बसतात. "आवंढा गिळा, हवेचा दाब वाढतोय," मास्तर सांगतात. "गाडी हळू घ्या की," पैलवान सांगतो. दोघांचेही बरोबर असते.

मालवणच्या किनाऱ्यावरून होडी निघते. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला, हे सांगायला तिघेही एकदम तोंड उघडतात. भोवतालच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, हे मात्र होडीतला मालवणी पोरगा सांगतो. बुडी शिकवणारा तोच.

व्यापारी टाकीला 'ऑक्सिजन' म्हणतो. मास्तर लगेच दुरुस्त करतात: आत आपली नेहमीचीच हवा असते, फक्त मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे शंभरपट दाबाने कोंबलेली. तो दाब तोंडाला झेपेल इतका उतरवून देणारी झडप फ्रान्समध्ये 1943 साली जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी बनवली. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गान्यांने मोटार गॅसवर चालवण्यासाठी एक झडप केली होती. तीच सुधारून त्यांनी माणसाच्या तोंडाला लावली. उद्यमनगरातल्या कोणत्याही कारागिराला हे ऐकून नवल वाटणार नाही.

"नाकाक इसरा, काका. तोंडान श्वास घेवा. आणि दम धरू नकात," पोरगा बजावतो.

पैलवानाला हेच पटत नाही. "वस्तादांनी आयुष्यभर दम धरायला शिकवलं आणि ह्यो म्हणतोय सोडा!" पण कारण तसेच आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून वर यायला लागले, तर ती हवा दुप्पट फुगायला बघते, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. म्हणून पहिला नियम एकच: श्वास चालू ठेवा.

दुसरी अडचण बोलण्याची. तोंडात नळी, म्हणजे कोल्हापूरकराचे अर्धे व्यक्तिमत्त्व होडीतच राहिले. खुणांवर भागवायचे. खाली प्रवाळाशेजारी पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा अंगावरून जातो आणि पैलवान भान हरपून अंगठा वर करतो: लय भारी! पोरगा त्याला धरून सरळ वर आणतो. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'वर चला' एवढाच. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. पैलवान पुन्हा खाली जातो, तेव्हा दोन्ही हातांनी गोल करून जातो.

मास्तरांचे कान दुसऱ्या मीटरलाच ठणकतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की ते मोकळे होतात. वर आल्यावर मास्तर ओल्या बोटाने होडीच्या फळीवर हिशेब मांडतात: गगनबावड्यापासून समुद्रापर्यंत अख्ख्या घाटात जेवढा दाब वाढला, तेवढा पाण्यात पहिल्या एका मीटरच्या आतच वाढतो. वर्गात वीस वर्षे शिकवलेला दाब त्यांना आज कानाने कळलेला असतो.

व्यापाऱ्याने हातभर मासा पाहिलेला असतो. पाण्यात वस्तू साधारण एक-तृतीयांशाने मोठी दिसते. कोल्हापुरात पोहोचेपर्यंत मासा आणखी वाढेल, तो भाग वेगळा.

संध्याकाळी घरी परतायचा विचार निघतो आणि मास्तर पुन्हा हिशेब काढतात. बुडीत रक्तात नायट्रोजन मुरतो; म्हणून बुडीनंतर किमान बारा तास विमानात बसू नये, असा सल्ला असतो. उंची विमानाची असो की डोंगराची, शरीराला सारखीच. पाच-सहा मीटरच्या हौशी बुडीत धोका फारसा नसतो, पण समोर घाट आहे आणि ताटात सुरमई आहे. मुक्काम एकमताने मंजूर होतो.

जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर जावे. पावसाळ्यात बुड्या बंद असतात. पोहता येत नसले तरी चालते, कारण शिकवणारा टाकी धरून सोबत असतो. सर्दी झाली असेल तर मात्र बेत पुढे ढकलावा. चोंदलेल्या नाकाने कान मोकळे होत नाहीत.