पाणी नको, रात्री उठावं लागेल

मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळचे सहा वाजले की पाण्याच्या बाटल्या पेटीत जातात. रात्री जेवताना दोन घोट, बस. का, ते तिथली आठवीतली मुलगीही सांगेल. संडास इमारतीच्या मागे, वाटेवरचा दिवा कधीचा गेलेला, आणि एकटीनं जायचं नाही हा नियम. मध्यरात्री कुणाला उठवायचं? त्यापेक्षा पाणीच नको. पुढे लघवीला जळजळ सुरू होते. लाजेपोटी ती कुणाला सांगत नाही. ताप चढला की बभ्रा होतो आणि अधीक्षिका आईला फोन करून म्हणतात, "तुमच्या मुलीला पाणी प्यायची सवयच नाही."

सवय तुमच्याकडे लागली, मॅडम. घरी ती तांब्यावर तांब्या रिचवत होती.

वसतिगृहातल्या मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला की हात धुवा, नखं कापा, पालेभाजी खा हे भाषण ठरलेलं. मुलांना ते तोंडपाठ आहे. मी विचारतो ते एवढंच, की घर सोडून राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात असतं काय? किती वाजता उठायचं, ताटात काय पडायचं, अंघोळीला किती बादल्या, दिवे कधी मालवायचे, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. तुम्ही ज्याला त्याच्या वाईट सवयी म्हणता, त्या बहुतेक वेळा त्यानं तुमच्या गैरसोयीतून काढलेल्या वाटा असतात. राज्यात सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. त्यात नवोदय विद्यालयं, सैनिकी शाळा आणि वर्षाला लाखांत फी घेणाऱ्या खासगी निवासी शाळा धरा. फी वाढली की फरशी गुळगुळीत होते, पण पहाटे पाचची घंटा तीच राहते.

खरजेचंच घ्या. एका वसतिगृहात दहावीतला एक मुलगा हात पाठीमागे धरून बोलत होता. पुढे करायला लावले तेव्हा बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ, खाजवून खाजवून खपल्या धरलेल्या. कधीपासून? "दिवाळीपासून, सर." फेब्रुवारी चालू होता. मलम मिळालं नाही? "दोनदा मिळालं. बरं होतं, मग परत येतं." शेजारच्या खाटांवरच्या मुलांना दिलं का? "त्यांना नाही. ते पण खाजवतात, पण सांगत नाहीत."

बाजूला उभ्या असलेल्या गृहपालांनी लगेच निकाल दिला: अंघोळ नीट करत नाहीत ही पोरं.

हे साफ चूक आहे, आणि चुकीमुळे मुलं महिनोन् महिने रात्ररात्र खाजवत बसतात. खरूज घाणीमुळे होत नाही. कातडीत बीळ करून राहणारा एक सूक्ष्म किडा ती आणतो आणि अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून, कपड्यांची अदलाबदल होऊन तो पसरतो. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे ज्याला आज काहीच होत नाही, तोही शेजाऱ्याला देत असतो. म्हणून एकट्याला मलम देऊन काही होत नाही. संपूर्ण खोलीला एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिनचं मलम लावायचं, रात्रभर ठेवायचं, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लावायचं. मलम लावल्याच्या दुसऱ्या सकाळी चादरी आणि कपडे गरम पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायचे. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही, तेव्हा जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं तरी भागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं. दुर्लक्ष म्हणजे काय, ते आमच्या वसतिगृहांत एका खोलीत कळतं. चाळीस मुलं आणि चार मुलांपुरत्या ट्यूबा. उरलेल्या ट्यूबांचा खर्च कुणाला परवडत नाही म्हणे. खाज रात्री वाढते आणि झोप मोडते. सकाळी पहिल्या तासाला तोच मुलगा डुलक्या खातो म्हणून बाकावर उभा केला जातो.

झोपेचा तर उघड उघड दरोडा चालू आहे. रात्री साडेदहापर्यंत सक्तीचा अभ्यास आणि पहाटे पाचला पीटी, म्हणजे हाती राहिले साडेसहा तास. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वर या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि उशिरा उघडते. हा आळस नाही, वाढीचा भाग आहे. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं सकाळी साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत, तसा कायदाच आहे. आपल्याकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढल्यावर सरकारनं २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. चांगलं केलं. पण नववी-दहावीच्या मुलांचं काय? लहान पोर रात्री नऊला तरी डोळे मिटतं, यांना अकराशिवाय झोप येत नाही. तेव्हा पाचची घंटा सहावर न्या. त्यानं शिस्त बुडत नाही.

निळ्या गोळीची गतही तीच. २०१३ पासून दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याची सरकारी योजना आहे आणि ती गरजेचीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. गोळी जेवणानंतर द्यायची असते. पण प्रार्थनेला सगळे एका रांगेत सापडतात, म्हणून तेव्हाच, उपाशीपोटी वाटली जाते. पोटात मळमळतं, शौच काळं होतं, ते का हे कुणी सांगितलेलं नसतं. एका खोलीच्या खिडकीखालच्या गटारात मी त्या गोळ्या पाहिल्या आहेत, पाण्यानं निळा रंग सुटलेल्या. नोंदवहीत मात्र शंभर टक्के वाटप. दुपारच्या जेवणानंतर द्या आणि ताटात लिंबाची फोड ठेवा. चहा मात्र गोळीच्या आगेमागे तास-दीड तास नको, लोह अंगी लागत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आजार लपवण्याच्या सवयीची. दुखतंय म्हटलं की "नाटकं करतो" हे पहिलं उत्तर. खरंच आजारी दिसला की बापाला फोन, घेऊन जा. घर डोंगरापलीकडे, दिवसाला एक एसटी. परीक्षा तोंडावर असली की मुलगा ताप अंगावर काढतो आणि जोडीदारही त्याची चुगली करत नाही. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची कारणं शोधायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि २०१६ मध्ये तिचा अहवाल आला, हे आपण फार लवकर विसरलो. वसतिगृहात लपवलेला ताप जीव घेऊ शकतो.

भेटीच्या रविवारी आईबाप फरसाणाचे पुडे घेऊन येतात आणि मार्कांची चौकशी करून परततात. येत्या रविवारी आजाऱ्यांची खोली दाखवा म्हणा. बऱ्याच ठिकाणी ती कुलपात असते, आत जुन्या गाद्या आणि क्रीडा महोत्सवाची निशाणं. उघडून घ्या. खाट आहे का, थर्मामीटर आहे का, ते बघा. आणि किल्ली कुणाकडे असते, रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला तर ती किती वेळात मिळते, हे गृहपालांना मुलासमोर विचारा.