साडेसहाचा अंधार

२०२४ च्या दिवाळीत आमचा आकाशकंदील वसुबारसेला संध्याकाळी साडेसहाला गेला. गेला म्हणजे विझला. भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, लागला. नवीन दिवा आहे, रुळेल हळूहळू, असं म्हणून मी सोडून दिलं. धनत्रयोदशीला पुन्हा साडेसहा, पुन्हा अंधार.

दिवा साधा नव्हता. धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. गणपतीत आला होता, तेव्हा जाताना त्याने घराला दोन वस्तू दिल्या. एक हा वाय-फायवर चालणारा दिवा आणि दुसरी केर काढणारी गोल चकती. दिव्याचा रंग मोबाइलवरून बदलतो, नुसतं तोंडाने सांगितलं तरी तो लागतो आणि मालवतो, हे त्याने आईला नीट समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि दिव्याचं नाव ‘शहाणा’ ठेवलं. आमच्या घरात हा शब्द कौतुकाने वापरण्याची पद्धत नाही.

बुधवारी वायरमन आला. सहा वाजले होते आणि कंदील लखलखत होता. तरी तो शिडीवर चढला, होल्डर बदलला, दोन चकल्या खाल्ल्या, दिवाळीचे म्हणून पन्नास रुपये जास्त घेतले आणि गेला. खाली स्कूटरला किक बसते न बसते तोच वर अंधार. मी गॅलरीतून चांगली खणखणीत हाक मारली. फटाक्यांत ऐकू आली नाही, असं त्याचं म्हणणं आहे.

पुण्यात ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चांगलं अंधारून येतं, समोरच्या सगळ्या गॅलऱ्या उजळतात आणि नेमका तेव्हा आमचा शहाणा डोळे मिटतो. बायकोने संशय वरच्या मजल्यावर घेतला. चिरंजीवांनी मोबाइलमध्ये डोकं घालून ‘सर्व्हर’ असा एकच शब्द उच्चारला आणि पुन्हा डोकं आत घातलं.

लक्ष्मीपूजनाला, ऐन आरतीत, गेला तो गेलाच. पण त्या दिवशी त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती, कारण चकतीने मैदान मारलं होतं. कामाच्या मावशी चार दिवस गावी गेल्यामुळे घराची सगळी भिस्त तिच्यावर. सकाळी तिने उंबऱ्यापासून देवघरापर्यंत काढलेली लक्ष्मीची पावलं एका फेरीत गिळली आणि वर ती रांगोळी स्वयंपाकघरात नेऊन पुसट रेघांनी मांडली. लक्ष्मी फराळाच्या डब्यांपर्यंत जाऊन आल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी नव्या केरसुणीची पूजा झाली. केरसुणीला हळदकुंकू वाहून आई वळली, तर तिला कोपऱ्यात चकती दिसली. “हाही केरच काढतो ना? मग याने काय घोडं मारलंय?” असं म्हणून तिने चकतीलाही ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. ती नेमकी पुढच्या काळ्या काचेवर. त्या काचेतूनच यंत्राला समोरचं दिसतं, हे आम्हाला तेव्हा कुठलं ठाऊक?

चकती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला निघावी अशी वेळ मी निजताना लावली होती. इंग्रजी बारांच्या मागे एएम असतं की पीएम, यात मी आजवर प्रत्येक वेळी चुकलो आहे. रात्री बाराच्या ठोक्याला धाड् असा आवाज झाला. उठून बघतो तर आंधळी चकती चौरंगावर आपटतेय, मागे सरतेय, लाडवांच्या डब्याला धडका देतेय आणि मध्येच थांबून बारीक बाईच्या आवाजात इंग्रजीतून काच पुसायची विनंती करतेय. बायको म्हणाली, “पूजेच्या रात्री केर काढला तर लक्ष्मी जाते हो!” आई अंथरुणातच उठून बसली होती. “काही जात नाही,” ती म्हणाली. “पूर्वी या रात्री बायका सूप वाजवून अलक्ष्मी बाहेर काढायच्या. मध्यरात्रीच. त्याला बरं कळलं.” शास्त्राधार मिळाल्यावर मी चकतीला उचलून उताणी ठेवली. तिची चाकं बराच वेळ हवेत फिरत होती.

पाडव्याला, शनिवारी, कंदील विझला नाही. साडेसहा झाले, सात झाले, आम्ही सगळे गॅलरीत उभे. साडेतीन मुहूर्तांपैकी दिवस, आज कसा विझेल, असा आईने निकाल दिला.

भाऊबीजेला ताई आली. धाकट्याला टॅबवरून ओवाळायचं ठरलं होतं, तिकडच्या सकाळी नऊला. वेळेचा हिशोब आमच्याकडे चोख असतो. आईच्या हट्टाने दिवाणखान्यात दोन घड्याळं आहेत, आणि एकाखाली चिरंजीवांच्या अक्षरात ‘काका’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. दोन्हींत साडेनऊ तासांचा फरक. आपल्या देशाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर बांधलेली, त्यामुळे तो अर्धा तास कायमचा मानगुटीवर. दोन्ही घड्याळांचे मिनिटकाटे सदैव विरुद्ध दिशांना तोंड करून असतात, एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखे.

काकाच्या घड्याळात नऊ वाजले आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने अंधारातून एक उशी बोलली, “ताई, आत्ता आठ वाजलेत गं.”

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास मागे घेतात. तो रविवार नेमका भाऊबीजेचा. आमच्या सकाळी साडेअकराला, इकडे पुऱ्या लाटणं चालू असताना, तिकडे एक अख्खा तास दुसऱ्यांदा वाढायला घेतला होता. मोबाइलला हे आपसूक कळलं. भिंतीवरच्या घड्याळाला कोण सांगणार?

“झोप रे नंतर, आधी तोंड दाखव,” ताई म्हणाली. त्याने हवेतच इंग्रजीत काहीतरी हुकूम सोडला आणि खोली उजळली. ताईने टॅबला ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि कुंकवाचं बोट कपाळाऐवजी कॉल तोडायच्या लाल बटणावर टेकवलं. पुन्हा फोन लावला. ओवाळणीचे पैसे खणकन तिच्या मोबाइलवर आले. मग जांभई देत धाकटा म्हणाला, “झोपू मी आता?” आणि तिथल्या यंत्राला सगळे दिवे घालवायला सांगितले. त्याची खोली काळोखली. त्याच क्षणी आमच्या गॅलरीत आकाशकंदील विझला.

कुणीच काही बोललं नाही. चिरंजीवांनी पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं बाहेर काढलं. “काका, तुम्ही ऑफिसला जाताना पण असंच सांगता?”

“हो. नऊला निघताना. का रे?”

दिवा त्याने स्वतःच्या खात्यात जोडला होता. त्याच्या सगळ्या दिव्यांत एक दिवा आमचा. आठवडाभर तो नऊला, म्हणजे आमच्या साडेसहाला, दार ओढून घेत होता आणि आमची दिवाळी मालवत होता. शनिवारी सुट्टी असते.

“लगेच काढतो त्याला यादीतून,” तो म्हणाला.

“नको,” आई म्हणाली. “राहू दे.”

सोमवारी सहापासून आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली. साडेसहा झाले. कंदील जळतच. पावणेसात. “अजून निघाला नाही. बरं वाटत नसेल का रे त्याला? फोन लाव.” तेव्हा मला आठवलं. स्टूल घेतलं, काकाचं घड्याळ खाली काढलं आणि एक तास मागे केलं. आईला दाखवलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, कंदिलाकडे पाहिलं, आणि बसूनच राहिली.

सात पस्तीसला कंदील गेला.

“निघाला,” म्हणत आई उठली आणि कुकर लावायला आत गेली. मी बटण बंद करून पुन्हा चालू केलं.