दीड मीटर काका

प्लॉटच्या कॉलनीत राहत असाल, तर हे गृहस्थ तुमच्याही गल्लीत आहेतच. आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीवर रुजू झाले.

वास्तुशांतीला बोलावलं की आधी कंपाउंडला टेप लागणार, मग प्रसादाला हात. "दीड मीटर! त्यावर वीट चढली तर बघा!" समोरच्या भिंतीची उंची रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर. 2.4 मीटरपर्यंत न्यायची तर वरचे 90 सेंटिमीटर जाळी नाहीतर रेलिंग. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर वळणापाशी दोन्हीकडे 10 मीटरपर्यंत पाऊणच मीटर बांधकाम, म्हणजे येणारी गाडी दिसते. 2020 च्या डिसेंबरात राज्याची एकत्रिकृत नियमावली आली, तेव्हा आम्ही लशीची वाट बघत होतो आणि काका भिंतीचं कलम पिवळ्या पेनानं रंगवत होते.

शेजारच्या मुलीला बघायला आलेला मुलगा पाच फूट आठ इंच निघाला. काकांनी मुलाच्या वडिलांना गंभीरपणे विचारलं, "दीड मीटरच्या वर गेलाय. वरचा भाग उघडा आहे ना?" लग्न जमलं, हे मुलीचं नशीब.

पण काकांचा खरा वैरी डांबर. उंची मोजायची रस्त्यापासून, आणि रस्ता दर निवडणुकीला वर येतो. जुना थर खरवडायचा असतो हे ठेकेदाराला कोण सांगणार? समोरच्या बंगल्याची भिंत तीन इंच जास्त होती. काकांनी अर्ज दिला, स्मरणपत्रं दिली, माहितीचा अधिकार वापरला. मधल्या काळात रस्त्यावर दोन थर चढले. मग साहेब आले, टेप लावला आणि म्हणाले, "काका, बसतेय की दीड मीटरमध्ये!" गुन्हेगार जागचा हलला नाही, कायदाच उठून त्याच्याकडे गेला.

एव्हाना कॉलनीतल्या प्रत्येक रेलिंगला आतून फायबरचे पत्रे लागलेत. जाळी नियमापुरती. काकांची स्वतःची भिंत मात्र जेमतेम तीन फुटांची. काकू होत्या तोवर त्या भिंतीवरून कढीलिंब, विरजण आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या इकडून तिकडे जात. आता काका तिथे कोपर टेकून उभे असतात, आणि आपण घाईत असलो की नेमके हाक मारतात.

परवाच्या पावसात उंचावलेल्या रस्त्याचं पाणी त्यांच्या फाटकातून आत शिरलं. दुसऱ्या कुणाच्या अंगणात तळं झालं असतं तर पत्र्याआड कळलंही नसतं. काका मात्र गुडघाभर पाण्यात उभे दिसले, म्हणून बादल्या घेऊन धावलो. मदतीला आलोय असं म्हणायच्या आत त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात कोंबलं.

"रस्त्याच्या मध्यावर जा. आणि सरळ धरा हो, मागच्या वेळी त्या साहेबानं वाकडा धरला होता!"