वाळत काय घातलंय?

अलिबागजवळच्या थळला हिवाळा असतो का, या प्रश्नावर आमच्या घरात दोन तट आहेत आणि दोन्ही तट थळच्या बाहेर राहतात. पुण्याच्या आत्यांच्या मते तारीख डिसेंबरची झाली की हिवाळा असतोच. कानटोपी कॅलेंडर बघून चढवायची, थर्मामीटर बघून नव्हे. नागपूरच्या भाऊजींच्या मते वर्धा ओलांडून पश्चिमेला आलं की हिवाळा संपतो. प्रत्यक्ष थळच्या लोकांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस, अवकाळी पावसाचा अंदाज वर्तवलेला असताना, आम्ही सहकुटुंब गेटवेहून मांडव्याची लाँच धरली.

लाँच सुटली आणि भुरभुर सुरू झाली. कुरव पक्षी मागे लागले. लडाख, तिबेट, मध्य आशिया इथली थंडी चुकवायला ते दर हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. एवढा प्रवास करून आल्यावर समोर स्वेटर, मफलर आणि कानटोपीतल्या आत्या बघून त्यांना आपण चुकीच्या गावी उतरलो असं वाटलं असणार. तरी त्यांनी आत्यांच्या हातचे वेफर्स सोडले नाहीत.

भाऊजींनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि भाषण सुरू केलं. हवामान खात्याचा नियम त्यांना पाठ आहे. मैदानी मुलखात थंडीची लाट म्हणायची तर पारा निदान १० अंशांपर्यंत उतरावा लागतो. किनारपट्टीला मात्र सवलत आहे: सरासरीपेक्षा साडेचार अंश खाली येऊन पारा १५ वर ठेपला तरी लाट मान्य.

"म्हणजे तुम्हा लोकांना ग्रेस मार्क देऊन पास करून राहिले!" भाऊजी म्हणाले. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. हा आकडा ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या रात्री पारा त्यांनी स्वतः खाली ओढून धरला होता. "अशा हवेत आमच्याकडे लोक कूलर लावतात," हा समारोप.

वहिनी चेन्नईत वाढलेल्या. त्यांना या वादात डिसेंबरचा पाऊस ही तक्रारीची बाब कशी, हेच कळेना. तिकडचा वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तो दगा देतो तेव्हा काय होतं ते २०१९ मध्ये दिसलं. चेन्नईला रेल्वेने पाणी पोचवावं लागलं. "डिसेंबरात पाऊस नाही पडला तर घाबरायचं, पडला तर नाही," असं म्हणून त्यांनी छत्रीही न उघडता समुद्राकडे तोंड केलं. आत्यांनी त्यांच्याकडे, सून हातची गेली, अशा नजरेने पाहिलं.

मांडव्याहून रिक्षा करून, अलिबागचा रस्ता सोडून आम्ही समुद्राकडे वळलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून जेमतेम एक गाडी जाईल अशी वाट, समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी एकाने कुणाच्या तरी अंगणात जायचं, हा रिवाज. आम्ही तीन अंगणं पाहिली.

उतरलो त्या वाडीच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. हवामानावर त्यांचं एक मत नाही. चार आहेत, आणि आपण त्यांच्या मालमत्तेच्या कोणत्या भागात उभे आहोत त्यावर ते अवलंबून असतं. मागच्या शेतात वाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, वेगळं पाणी लागत नाही. तिथे उभं राहून दादा म्हणाले, "फुलोऱ्याआधी शिंतोडा आला असता तर चाललं असतं. आता फुलं गळणार." दोन पावलांवर पांढऱ्या कांद्याचे वाफे. भौगोलिक मानांकन मिळालेला हाच तो अलिबागचा कांदा, वेण्या घालून माळा करून विकतात तो. तिथे दादांचा आवाज पडला: ढगाळ हवा म्हणजे करपा. आंब्याखाली आल्यावर तर ते बोललेच नाहीत. नुसतं मोहोराकडे बोट दाखवलं, मग तुडतुडे, मग फवारणीच्या औषधाचा भाव. पण पर्यटकांच्या खोल्यांच्या ओट्यावर पाय ठेवताच त्यांचा चेहरा उजळला. "काय मस्त वातावरण आहे बघा! महाबळेश्वर झक मारतंय! दोन रात्री वाढवताय ना?"

या पावसाचं कारणही दादांनीच सांगितलं. हल्ली गावात ते सगळ्यांना ठाऊक असतं. लक्षद्वीपच्या बाजूला समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, उत्तरेकडून पश्चिमी झंझावात उतरतो, दोघांची आपल्या डोक्यावर गाठ पडते. १ डिसेंबर २०२१ ला असंच झालं होतं, मुंबईपासून इथवर जून असल्यागत कोसळला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ. शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. शिवाय ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत. म्हणजे दुपारी गारवा, रात्री उकाडा. रात्री स्वेटर घालून झोपलेल्या आत्यांना याचा प्रत्यय बाराच्या सुमारास आला. त्यांनी स्वेटर काढला नाही. पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी खांदेरीला जायचा बेत होता. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं दिसतात, असं ऐकून आलो होतो. आम्हाला पाऊस दिसला. होडीवाल्याने नकार दिला, आणि वर म्हणाला, "महाराजांच्या येलेपासून ह्या खाडीत हवाच मालक हाय."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं. मुंबईकर इंग्रजांना आपल्या दारात कोणी खिट्टी लावतंय असं वाटलं आणि त्यांनी जहाजं पाठवून बेट घेरलं. ऑक्टोबरात त्यांच्या कॅप्टन केग्विनने मोठी झुंज दिली. पण वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागच्या जागी, आणि थळच्या बाजूने वल्ह्यांच्या होड्या रात्री रसद घेऊन बिनधास्त बेटावर. म्हणजे वाऱ्याबद्दलही दोन मतं होतीच: इंग्रज तो वाढावा म्हणून आशेवर, मराठे तो पडावा म्हणून. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला, आणि लगेच शेजारची उंदेरी सिद्दीने पटकावली. २०२५ मध्ये खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. आम्हाला काही ती दिसली नाही.

किनाऱ्यावर मात्र धावपळ चालली होती. जवळा वाळत घातलेला, आणि पावसाची सर. बायका प्लास्टिकचे कागद ओढत होत्या, पोरं कोपऱ्यांवर दगड ठेवत होती. अशा वेळी माणसाने एक तर हात लावावा नाही तर बाजूला व्हावं. आत्यांनी तिसरा मार्ग काढला.

"काय गारेगार वाटतंय ना हो मावशी?"

मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तुमचं काय वालत घातलंय?"

आत्या गोंधळल्या. खोलीच्या खिडकीत त्यांचा टॉवेल होता, पण तो सांगण्याजोगा नाही हे त्यांनाही कळलं.

"मंग वाटंल गार," मावशी म्हणाल्या. जवळ्याला कडक ऊन लागतं. एकदा भिजला की माणसाच्या ताटातून उतरतो आणि कोंबडीखाद्याच्या भावाने जातो. त्यात मार्गशीर्ष, गुरुवार. ओली मासळी घेणारं गिऱ्हाईकही अर्धं. माझं तेव्हापासून असं ठाम मत झालं आहे की हवामानावर माणसाचं मत काय असेल ते त्याच्या जन्मगावावरून ओळखता येत नाही. त्याने बाहेर वाळत काय घातलंय तेवढं पाहावं.

थळला वेळेवर पडणारा पाऊस एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे खत कारखाना. युरिया करताना शेवटी त्याचा तापलेला रस उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून आत शिंपडतात. थेंब खाली येईपर्यंत थिजून दाणे होतात. बारा महिने सरी, कोणाचा जवळा भिजत नाही, आणि त्यावर कोणाचं काही मतही नाही.

दुपारी पाऊस थांबला म्हणून नवगावला गेलो. थळला लागूनच आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलघाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हटले गेले, गावांवरून किहिमकर, पेणकर, नवगावकर झाले. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेले. तिथल्या स्मारकापाशी अश्दोदहून आलेले एक वयस्कर गृहस्थ भेटले. मराठी आमच्यापेक्षा अस्सल अलिबागी. पुन्हा सर आली तसे ते चक्क स्मारकाच्या आवारात हात पसरून उभे राहिले.

"हिवाळ्यात पाऊस! बरा हिवाळा आहे!"

तिकडे पाऊस पडतो तो हिवाळ्यातच. उन्हाळा ठणठणीत कोरडा. किन्नेरेत सरोवराची पातळी किती वाढली हे लोक बातम्यांत बघतात. प्रार्थनेतही पावसाची मागणी हिवाळ्यातच करायची असते, आणि इस्राएलच्या बाहेर राहणाऱ्या यहुद्यांसाठी ती ४-५ डिसेंबरच्या सुमाराला सुरू होते. हे ऐकून मी थबकलो. म्हणजे वाल, कांदा, आंबा, जवळा, अख्खा तालुका हात जोडून "आता नको" म्हणत असे, त्याच दिवसांत अलिबागच्या इस्राएल आळीतून "आता दे" असा अर्ज वर जात होता! अर्जदारांपैकी बहुतेक देश सोडून गेले आणि मंजुरी आता येते आहे. सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

गृहस्थांना मी मावशींचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "माझं काही वाळत नाही. लिंबाचं झाड आहे, ते तिकडे वाट बघतंय."

संध्याकाळी दादांनी पोपटी लावायची ठरवली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, रताळी. कोंबडी आणि अंडी आत्यांच्या गुरुवारामुळे बाहेर. वरून पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा पोपटीचा कायदा. पेंढा पेटवायचं काम भाऊजींनी अंगावर घेतलं, कारण विस्तवाशी फक्त थंड प्रदेशातल्या माणसाचं जमतं असं त्यांचं म्हणणं. पेंढा ओला होता. काडेपेटी संपली, धूर झाला, भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नेमकी तेव्हा भुरभुर सुरू झाली.

"अबे, हा काय पाऊस पडायचा महिना आहे का!" भाऊजी आभाळाकडे बघून ओरडले.

वहिनींनी छत्री उघडून जाळावर धरली. शेवटी दादांनी गोठ्यातल्या कोरड्या गोवऱ्या आणल्या, तेव्हा कुठे मडकं तापलं. शेंगा धुरकट झाल्या होत्या, थोड्या कच्च्याही. सगळ्यांनी छान झाल्या म्हटलं, कारण दादा समोर होते.

निघताना आत्यांनी मावशींकडे सुकट मागितली आणि सवयीने भाव पाडून मागितला. मावशी काही बोलल्या नाहीत; त्यांनी प्लास्टिक उचलून खालचा काळा पडलेला जवळा दाखवला आणि आदल्या आठवड्यातल्या कोरड्या जवळ्याचा भाव वीस रुपयांनी वाढवला. आत्यांनी तो दिला. तुम्ही अवकाळीनंतर थळला गेलात तर तोच भाव द्या, आणि पाऊस किती छान होता हे घरी येऊन सांगा.