आधी भांडा, मग बांधा

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत एखादी इमारत उभी राहत असेल, आतून चढे आवाज येत असतील आणि तरीही छिन्नी-हातोडा गप्प असेल, तर ती आप्पांची साइट. बाकीच्या ठेकेदारांकडं उलटा प्रकार. आधी स्लॅब पडतो, मग प्लंबर येतो, मग बीम फोडला जातो आणि मग भांडण. "तिथं गेल्यावर बघू" हा या धंद्याचा मूळ मंत्र. आप्पांनी तो सोडला, कारण त्यांना बीआयएम लागलं. लागलं म्हणजे तंबाखू लागते तसंच.

बीआयएम म्हणजे खरी इमारत उभी करण्याआधी ती सगळ्या माहितीसकट संगणकात उभी करायची. आप्पांची हयात ओळंबा, लेव्हल ट्यूब आणि खिशातल्या डायरीवर गेलेली. किती ब्रास खडी लागेल ते नुसता खड्डा बघून सांगणार. एकदा पुण्याच्या एका कन्सल्टंटनं नकाशांऐवजी मॉडेलची फाइल धाडली आणि ती काही उघडेना. पोरगा म्हणाला, "फाइल यंदाच्या रेव्हिट सॉफ्टवेअरमधली आहे, आपल्याकडं मागच्या सालचं. नव्यातलं जुन्यात उघडत नाही." आप्पांना तो सरळसरळ आपला अपमान वाटला. पुढच्याच रविवारी ते पुण्याच्या क्लासला हजर. ते आत शिरले तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. आप्पांनी हात जोडले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. खरे सर त्यांच्यामागून आले. ते आप्पांच्या धाकट्यापेक्षाही लहान दिसत होते.

पण शिकले ईर्ष्येनं. कॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेघा. इथं भिंतीला स्वतःची जाडी, वीट, गिलावा सगळं ठाऊक. सेक्शनमध्ये खिडकी मोठी केली की ती प्लॅनमध्येही मोठी होते आणि विटांचा हिशोब आपोआप खाली येतो. "आमच्या सुपरवायझरला एवढं कळतं तर काय पाहिजे होतं!" लांबी-रुंदी-उंचीला वेळ जोडला की फोर-डी, त्यात खर्च घातला की फाइव्ह-डी. नागपूर मेट्रोनं ही फाइव्ह-डी पद्धत वापरली, हे आप्पा टपरीवर अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मेट्रोचं सेंट्रिंग यांच्याकडंच होतं.

त्यांचा खरा जीव मात्र क्लॅश डिटेक्शनवर. बीममधून पाइप जातोय, डक्टला केबल ट्रे आडवा येतोय, असली टक्कर संगणक आधीच दाखवतो. पहिल्यांदा चालवलं तेव्हा टकरींची यादी संपता संपेना. भिंतीतून पाइप गेला तरी संगणकाची बोंब. "पाइप भिंतीतून जाणार नाही तर काय वरातीतून जाणार?" म्हणत आप्पांनी रात्रभर बसून खऱ्या टकरी निवडल्या.

मग सरावासाठी स्वतःच्या घराचं मॉडेल केलं, फ्रीजसकट. फ्रीजचं दार उघडलं की परसाचं दार अडतं, असा शोध लागला. आप्पांनी रंगीत प्रिंट काढून काकूंपुढं धरली. काकूंनी पोळी उलटली, प्रिंट पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, हे मी वास्तुशांतीच्या दिवशीच सांगितलं होतं. क्लासला किती भरले म्हणालात?"

साइटवर त्यांनी दर आठवड्याला बैठक सुरू केली. प्लंबर आणि वायरमन आजवर एकमेकांना फक्त एकमेकांनी केलेल्या नासाडीवरून ओळखत होते. आता दोघांना चहा देऊन लॅपटॉपपुढं बसवतात. "आधी भांडा, मग बांधा," एवढंच आप्पांचं अध्यक्षीय भाषण. दोघं स्क्रीनवर बोट ठेवून तावातावानं भांडतात, पाइप कुठून न्यायचा ते ठरतं आणि स्लॅब भरण्याआधीच बीममध्ये स्लीव्ह बांधून होते. पुढची फोडाफोड, कापलेली सळई, केमिकलचे डबे, सगळं वाचतं.

एकटा मिस्त्री नमला नाही. त्यानं मॉडेल चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. "आप्पा, टेकू कुठायत? सेंट्रिंगच नाय ह्यात. तुमचा स्लॅब हवेत हाय." आप्पा निरुत्तर. पुढं आठवडाभर ते मॉडेलमध्ये टेकू लावत होते आणि मिस्त्री शेजारी बसून "हितं अजून एक" म्हणत होता.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मालक उगवले. त्यांना जिना पलीकडं हवा होता. एरवी आप्पांनी कपाळाला हात लावला असता. आता म्हणाले, "हलवू की." स्क्रीनवर जिना हलवला, शेजारचा खर्चाचा आकडा वर गेला, कामाची तारीख पुढं सरकली. मालक म्हणाले, "तसा आहे तिथंच बरा दिसतोय."

ही कीर्ती गावभर झाली. परवा दोघे भाऊ आले. बांधावरून तंटा. "आप्पा, कुणाचा बांध कुणाच्या रानात घुसलाय, तेवढं तुमच्या मशिनीवर दाखवा."

आप्पांनी लॅपटॉप मिटला. "त्याचं मॉडेल सरकारी कचेरीत आहे. अन् ते व्हर्जन अजून कुणालाच उघडता आलेलं नाही."