अविभक्त वाड्याचा हिस्सा घेऊ इच्छिणाऱ्यांस मार्गदर्शन

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील करकंब गावी, द्राक्षांच्या वा उसाच्या एखाद्या बऱ्या हंगामानंतर ज्याच्या गाठीला चार पैसे जमले आहेत, आणि ते बँकेत निजवून ठेवण्यापेक्षा गावठाणातील एखाद्या जुन्या वाड्यात घालावेत अशी सद्बुद्धी ज्यास झाली आहे, त्या गृहस्थाने प्रथम हे ध्यानी धरावे की वाड्यात दगड, माती आणि सागवान यांहून नातलगांचे प्रमाण अधिक असते.

विक्रीस जो सिद्ध होतो तो बहुधा धाकटा चुलतभाऊ. ‘वाटणी केव्हाच झाली, थोरल्या काकांसमक्ष तोंडी झाली,’ असे तो शपथेवर सांगेल. थोरले काका अर्थातच हयात नसतात. पुरावा म्हणून तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे करील. त्यावरून घरपट्टी कोणाच्या नावे आकारली जाते एवढेच सिद्ध होते. मालकी सिद्ध होत नाही. २०२० साली घोषित झालेल्या स्वामित्व योजनेतील मिळकतपत्रिकाही दाखविली जाईल. परंतु आकाशातून मोजणी करणाऱ्या यंत्रास भिंती दिसतात, भाऊबंदकी दिसत नाही.

यानंतर आत्याबाईंचा शोध घ्यावा. प्रत्येक वाड्यास एक तरी आत्याबाई असतात, त्या नाशिकला किंवा इंदुरास नांदतात, आणि वंशावळीच्या कागदावर त्यांचे नाव लिहावयाचे कोणालाच स्मरत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने सहदायकत्व मिळाले, राहत्या घराची वाटणी मागण्यास त्यांना आडकाठी करणारे कलम २३ रद्द झाले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली पिता हयात नसला तरी हा हक्क अबाधित राहतो व तोंडी वाटणीची सबब सहसा ऐकली जाणार नाही, असा निर्णय दिला. ‘आत्याने तेव्हाच सोडलं होतं हो,’ या वाक्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्राचे मोल नसते.

इतके होऊनही धाडसी पुरुष एका भावाचा चौथा हिस्सा तेवढा स्वस्तात घेतात. येथेच या व्यवहाराचे खरे सौंदर्य प्रकट होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ अन्वये, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतल्यास त्यास इतरांसमवेत कब्जा मागता येत नाही. म्हणजे रक्कम पोचती केलेला मालक ओसरीच्या पायरीवर उभा, आणि आत आड, माजघर व देवघर यांचा यथेच्छ उपभोग घेणारे उरलेले तीन हिस्सेदार. यावर चिडून त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ चा वाटणी कायदा त्याची वाटच पाहत असतो: त्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील कोणीही हिस्सेदार तो हिस्सा विकत घेण्यास तयार झाला, तर न्यायालय किंमत ठरवून तो त्यासच देवविते. ज्या घरात राहावयास मिळाले नाही ते कोर्टाने ठरविलेल्या किमतीस परत देण्यासाठी पंढरपूरला तारखांस हेलपाटे घालणे, यास गुंतवणूक म्हणावयाचे की तपश्चर्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परसातून मागच्या घरची वहिवाट आहे काय, हेही पाहावे. वीस वर्षे निर्वेध चाललेली पाऊलवाट सुविधाधिकार होऊन बसते, आणि तिचा उल्लेख खरेदीखताच्या चतुःसीमेत सहसा सापडत नाही. इसाराची रक्कम बाजार आमटीच्या पंगतीत कदापि देऊ नये. तो तिखट रस्सा उतरल्यावर सर्व हिस्सेदार एकाच स्वरात ‘हो’ म्हणतात, आणि तो होकार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकत नाही.

तेव्हा सर्व वारसांच्या सह्या एकाच खरेदीखतावर घ्याव्यात, आणि आत्याबाईंस सहीपूर्वीच गाठून यावे. सह्या झाल्यावर दस्त नोंदणीस हजर करण्यास कायदा चारच महिने देतो, आणि आत्याबाई त्याहून पुष्कळ अधिक काळ रुसून राहू शकतात.